तीन दिवसांची नोंद

हजार मुलं जिवंत जन्मली तर वर्षाच्या आत त्यांतली किती दगावतात, हा आकडा दर वर्षी छापून येतो. देश कितपत सुधारला हे सांगताना तो हटकून पुढे केला जातो. तो निवडक काही हजार गावांतून गोळा होतो. सोयगाव तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं एक गाव त्यांतलं आहे. तिथले जन्म आणि मृत्यू अकरा वर्षं रत्नमाला सोनवणे लिहीत आली आहे.

रत्नमाला अंगणवाडी सेविका. दुपारी मुलं घरी गेली की निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर पिशवीत घालून ती घरोघर फिरते. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, कोण गाव सोडून गेलं. दर सहा महिन्यांनी संभाजीनगरहून पर्यवेक्षक येतो आणि तिचं रजिस्टर न बघता स्वतः सगळी घरं विचारतो. मग दोघांच्या नोंदी ताडून बघतात. एखादी जुळली नाही, तर दोघांनी मिळून त्या घरी जायचं. घरचे सांगतील ते अखेरचं. अकरा वर्षांत आपली एकही नोंद खोडली गेली नाही, हे रत्नमाला कुठल्याही बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत सांगत असे.

ते खरंही होतं, आणि त्यामागे तिची एक युक्ती होती. कागदावरचा प्रश्न असा: मूल जिवंत जन्मलं होतं का? गावाच्या टोकाला धनगरांची बारा घरं आहेत, तिथं हा प्रश्न चालत नसे. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. त्याच्या आत लेकरू गेलं तर ते घरात आलंच नाही असं धरायची तिथली रीत. नाव नाही, सुतक नाही. विचारलं तर ‘मेलेलंच झालं’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला ते खोटं वाटत नाही. वस्तीवरच्या आप्पांनी तिला एकदा समजावलं होतं, “बाई, कोकरू आईमागं चालाया लागलं की मग आमी त्याला कळपात धरतो. त्याच्या आधी मोजून काय करता?”

म्हणून रत्नमाला बाईला एकटीला गाठायची आणि विचारायची, “कितींदा पाजलं?” हा प्रश्न कुठल्या प्रशिक्षणातला नव्हता, तिचा स्वतःचा होता. मेलेल्या लेकराला कोणी पाजत नाही.

मार्चमध्ये तिने तो आप्पांच्या सुनेला, शीलाला विचारला. शीलाला सायली आणि संस्कृती या दोन मुली. तिसरा मुलगा घरीच झाला, तेव्हा नवरा भारत मेंढरं घेऊन खानदेशात होता. मूल फार बारीक होतं. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना, तेव्हा शीलाने सोयगावच्या दवाखान्यात न्या म्हणून सासूला विनवलं. सासू म्हाळसाबाई म्हणाली, पाचवीच्या आत उंबरा ओलांडायचा नाही. तिसऱ्या दिवशी मूल गेलं. म्हाळसाबाईने भारतला फोन केला, मेलेलंच झालं म्हणून.

“तेन्ला ठावं नाय, बाई,” शीला म्हणाली. “मला ह्या घरात राहायचंय.”

“कागदातलं कागदात राहील,” रत्नमालाने शब्द दिला, आणि लिहिलं: पुरुष, जिवंत जन्म, तिसऱ्या दिवशी मृत्यू.

जुलैत पर्यवेक्षक इंद्रजीत आला. म्हाळसाबाईने त्याला नेहमीचं उत्तर दिलं. संध्याकाळी अंगणवाडीत दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याने पेन उघडलं.

“बाई, विकेट पडली बघा तुमची. मी ‘मृत जन्म’ लिहिलंय.”

“तुमचं चुकलंय, साहेब.”

“मग चला. घरचे ‘नाय’ म्हणाले की तुमची नोंद खोडतो.”

खोडू द्यायलाही हरकत नव्हती. देशाच्या आकड्यात एका पोराने काय फरक पडतो, असं इंद्रजीत वाटेत म्हणालाही. रत्नमाला पाय उचलून चालत राहिली.

कळप पावसाळ्यासाठी परतला होता. अंगणात मेंढरांचा वास होता. आप्पा बाजेवर, म्हाळसाबाई दारात. भारत एका मेंढीचा खूर तासत बसला होता. इंद्रजीतने छापील प्रश्न विचारला.

“कितींदा सांगू?” म्हाळसाबाई म्हणाली. “मेलेलंच झालं.”

इंद्रजीतने रत्नमालाकडे बघितलं आणि पेन तिच्या नोंदीवर टेकवलं. शीला चुलीपाशी होती. तिला बाजूला घेता आलं असतं. भारत उठून जाईपर्यंत थांबता आलं असतं. रत्नमालाने तिथूनच विचारलं, “शीला, कितींदा पाजलं?”

शीलाने वर बघितलं. ती रत्नमालाकडेच बघत होती.

“पयल्या दिशी चारदा,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिशी दोनदा. तिसऱ्या दिशी त्यानं तोंडच उघडलं नाय.”

भारतच्या हातातला विळा थांबला. “म्हंजी जित्तं व्हतं?” त्याने आईला विचारलं. “तू तर फोनवर मेलेलं म्हणलीस.”

“पाचवीच्या आत उंबरा ओलांडत नाय आपल्यात. तुझ्या येळंला बी नव्हता ओलांडला.”

“तुझ्यापाशी नाय बोलत मी आता.” मग तो शीलाकडे वळला. “आन् तू? पोरगं झालं, गेलं, आन् मला त्या बाईच्या वहीतून कळायचं?”

इंद्रजीतने आपल्या कागदावरचं ‘मृत जन्म’ खोडलं, वर बरोबर लिहिलं आणि तारीख घालून सही केली. रत्नमालाची नोंद कायम राहिली.

ऑगस्टच्या फेरीत ती त्या घरी गेली तेव्हा दारात म्हाळसाबाई एकटीच होती. चुलीपाशी कोणी नव्हतं.

“शीला कुठंय?”

“माहेरी. लासूर टेसनला. भारतच सोडून आला गाडीवर. घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणं, म्हैनाभर संगं जेवली आन् तोंड उघडलं नाय म्हणं.” म्हाळसाबाईचा आवाज चढला नाही. “मी काय त्याला धाड म्हणलं नाय. पर ठेव बी म्हणलं नाय.”

“कधी येणार?”

“येत नाय ती. लिहा की, बाई. तुमचं चुकत नाय ना कधी? तिघी लिहा.”

रत्नमाला उंबऱ्याबाहेर उभी होती. आत ये असं कोणी म्हटलं नाही. गुडघा वर घेऊन तिने त्यावर रजिस्टर टेकवलं आणि गाव सोडून गेलेल्यांचा रकाना काढला. शीला, वय चोवीस. सायली, पाच. संस्कृती, तीन. कारणाच्या जागी ‘कौटुंबिक’ लिहायचं असतं, ते लिहिलं.

जानेवारीत इंद्रजीतने पुन्हा घरं फिरून यादी ताडून बघितली. तिन्ही नोंदी जुळल्या.