चारही चाकांचे साडूभाऊ

पिंपरीपासून चाकणपर्यंत मोटारी बनवून पोट भरणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण मोटारीवर जीव ओवाळून टाकणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे साडू. जीव स्वतःच्या गाडीवर नाही हं. ती पिंपळे सौदागरला सोसायटीत धूळ खात उभी असते. जीव आहे तो कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या रॅलीच्या शर्यतीत धावणाऱ्या एका जर्मन गाडीवर. चाकणच्या कंपनीत अख्खी नोकरी ॲक्सल बसवण्यात गेली, त्याचा हा परिणाम असावा. बारसं असो की दहावं, साडूभाऊंचं सुरू: "बर्फात चाचणी चालली होती राव. लष्कराची ठोकळ्यासारखी गाडी पुढं, अन् भारीभारी गाड्या मागं! का? तर तिची चारही चाकं ओढत होती, बाकीच्यांची दोनच!" मग तीच युक्ती देखण्या गाडीत कशी बसवली, जड होईल म्हणून रॅलीवाले कसे हसले आणि पुढे त्यांनीच तिची धूळ कशी खाल्ली, हे ऐकल्याशिवाय पानावरून उठायची सोय नाही. एका दहाव्याला तर, कावळा शिवेपर्यंत तरी थांबा, म्हणून मी त्यांना हात जोडले होते.

सगळं घर या इतिहासाला वैतागलेलं. अपवाद फक्त लेकीचा. त्याच गाडीत बसून एका बाईनं रॅलीतल्या भल्याभल्यांना हरवलं, तेवढा भाग ऐकल्याशिवाय ती लहानपणी घास गिळायची नाही. नोकरीला लागल्यावरही "पप्पा, त्या बाईचं सांगा ना" म्हणाली, की साडूभाऊंची कळी खुलायची.

तिला बघायला मुलगा आला. पोह्यांची बशी त्याच्या हातात पडते न पडते तोच साडूभाऊंनी विचारलं, "ओढणार कोण? पुढची की मागची?" विचारायचं होतं त्याच्या गाडीच्या चाकांबद्दल. लातूरकडून येऊन इथे कंपनीत लागलेला तो बिचारा समजला संसाराचं. "दोघं मिळून ओढूत की, काका," तो म्हणाला.

साडूभाऊ ताडकन उठलेच. "फोर बाय फोर! चारही चाकं! पक्कं!"

आतून लेकीचं हसू ऐकू आलं.

लग्न आळंदीला झालं. पाठवणीच्या वेळी नवरदेवाची सजवलेली गाडी कार्यालयाबाहेर, टँकरच्या पाण्यानं झालेल्या चिखलात रुतली. पुढची चाकं नुसतीच गरगरू लागली. आता इतिहास सुरू होणार म्हणून आम्ही सगळे साडूभाऊंकडे पाहू लागलो, तर ते गाडीच्या काचेतून लेकीकडे बघत उभे.

मी म्हटलं, "चला साडूभाऊ, लावा हात."

"अडकली तर अडकू द्या राव, थोडा वेळ," ते म्हणाले. आम्ही ढकलणारे मग उगीचच हळूहळू ढकलत राहिलो.