आतून उघडणारं कुलूप

लातूरच्या ट्यूशन एरियामागच्या गल्लीत शेषेरावांचं घर ओळखायची खूण सोपी होती. पुढचं दार ढकलायचं. उघडलं तर ते त्यांचं. तीस वर्षं त्या दाराला आतून कडी नाही, बोल्ट नाही, साधी खिट्टीसुद्धा नव्हती. गावाला जाताना ते बाहेरून कुलूप घालत, पण आत माणूस असताना दार बंद करणं त्यांना मान्य नव्हतं. राखणीला मागे एक स्टूल आणि स्टुलावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड. भूकंपानंतर अख्ख्या जिल्ह्यानं अशा उतरंडी रचल्या होत्या, हादरा बसला की खणखणाट होऊन जाग यावी म्हणून. लोकांनी त्या दोन-चार वर्षांत मोडल्या आणि पेले पुन्हा चहाला लावले. शेषेराव रोज नव्यानं रचत राहिले. त्यांच्याकडे चहा कपातच मिळतो.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात त्यांनी पस्तीस वर्षं काढली. एवढ्या काळात त्यांनी किती इमारतींच्या फायली पुढे सरकवल्या हे माहीत असल्यामुळेच बहुधा त्यांचा कुठल्याही इमारतीवर भरोसा उरला नाही. नवीन घरी जेवायला गेले तरी आधी दाराकडे तोंड करून बसत. यजमान ताट वाढत आणि हे पावलं मोजत.

याला कारण होतं. त्र्याण्णव साली गणपती बुडवायला ते औशाकडच्या आपल्या गावी गेले होते. ते झोपले अंगणात आणि वडील, रामलिंगअप्पा, आत. आतून कडी. जमीन हलली, चौकट तिरकी झाली आणि कडी कोयंड्यात अडकून बसली. बाहेरून शेषेराव पहार घालत होते आणि आतून अप्पा सांगत होते, "शेषू, कडी हालंना रं." उजाडल्यावर अप्पा निघाले, पुढे वीस वर्षं जगले, भाकरी खाल्ली, सुनेशी भांडले. पण ते वाक्य शेषेरावांच्या कानातून निघालं नाही. लातूरला आल्या आल्या त्यांनी पाना घेतला आणि घरातल्या सगळ्या कड्या काढल्या. मोरीचीसुद्धा. पुढचा आठवडाभर घरातला प्रत्येक जण गाणं म्हणत आंघोळ करत होता. मोरीची कडी तेवढी त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, स्वतः परत बसवून घेतली.

पुढे गावात डॉक्टर घडवायचे कारखाने निघाले आणि गल्लीतल्या माणसांनी आपापलं घर वर नेलं. शेषेरावांनीही एक मजला चढवला, स्वतः मात्र खालीच राहिले. वर क्लासच्या चार मुली भाड्यानं राहायला आल्या. त्यातली अर्धापूरची मनस्विनी दर महिन्याला घरून केळ्यांचा घड आणायची, आणि नांदेडची उर्वी दर महिन्याला घरून सूचना आणायची. तिची आई विनीता नांदेडला बँकेत अधिकारी. एका रविवारी त्या न सांगता आल्या, दार ढकललं आणि एकवीस पेले त्यांच्या पायाशी येऊन पडले.

"हे काय आहे?"

"अलारम," शेषेराव अभिमानानं म्हणाले.

"आणि कडी?"

"न्हाई."

"वर चार मुली राहतात, काका. हल्ली लोक दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावतात आणि तुम्ही पेले? महिन्याभरात कुलूप लावा, नाहीतर मी उर्वीला दुसरीकडे नेते."

त्या गेल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "आवो, बरोबरच हाय तिचं. पोरी गेल्या तर मी कोणाशी बोलू? तुमच्याशी?"

एवढं टोचल्यावर शेषेराव कुलपांच्या दुकानात गेले. दुकानदार यज्ञेश, वय अठ्ठावीस, गळ्यात टाय, भाषा पुण्याची आणि घर शिरूर अनंतपाळचं. त्यानं बोटाचं कुलूप दाखवलं, कार्डाचं दाखवलं, मोबाईलवरून अमेरिकेतूनही उघडता येणारं दाखवलं.

"अमेरिकेतून कामून उघडायचं? आम्ही हितंच ऱ्हातो. आतून किती टायमात उघडतं, ते सांग."

"हँडल दाबलं की लगेच."

"अन् चौकट तिरकी झाली तर?"

यज्ञेशनं आजवर कुलपाबद्दल पुष्कळ प्रश्न ऐकले होते. चौकटीच्या तब्येतीबद्दल पहिल्यांदाच. शेषेरावांनी दुकानातली नमुन्याची चौकट एका बाजूनं धरली, दुसऱ्या बाजूनं एका निष्पाप गिऱ्हाइकाला धरायला लावलं आणि म्हणाले, "हं, पिरगाळा. आता उघड."

कुलपातून "कुईं" असा आवाज आला. हँडल खाली गेलं. दार जागेवर.

"बघ. गेलो की आपण."

"काका, कुलूप लोक बंद करायला घेतात!"

"घेत असतील. मला उघडायचं हाय."

असे तीन दिवस गेले. तीन दिवसांत सात कुलपं नापास झाली. ट्यूशन एरियातसुद्धा निकाल इतका कडक लागत नाही. बोटाचं कुलूप सिंधूताईंनीच बाद केलं. चाळीस वर्षं भाकऱ्या थापून आणि भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या. यंत्र त्यांना ओळखीना. "आता माझ्याच घरात मी परकी व्हय?" एवढंच म्हणून त्या उठल्या.

चौथ्या दिवशी वैतागून यज्ञेश म्हणाला, "मग एकच राहिलं, लोहचुंबकाचं. त्याला बोल्टच नसतो. चौकटीत काही घुसत नाही, म्हणजे अडकत नाही. बाहेरून नंबर दाबायचा, आतून एक बटण. पण घराला कोणी घेत नाही. लाईट गेली की चुंबक सुटतो, दार उघडं. म्हणून सोबत बॅटरी देतो मी."

शेषेराव खुर्चीतून उठले. "लाईट गेली की आपोआप सुटतं?"

"हो, तोच तर प्रॉब्लेम—"

"भूकंप आला की आधी लाईटच जाती. लई बेस! हेच दे. अन् बॅटरी तुझ्यापाशीच ठेव."

लातुरात दिवसातून तीनदा आपोआप उघडणारं कुलूप शेषेरावांनी अशा रीतीनं खास निवडून आणलं. ते बसवायला आलेल्या यज्ञेशनं विचारलं, "सहा आकडी नंबर सांगा."

"तीस, शून्य नऊ, त्र्याण्णव."

"काका, दुसरा द्या. या गावात पस्तिशीच्या वरचा प्रत्येक जण हाच देतो. मी निम्मी घरं नुसती अंदाजानं उघडीन."

"मला दुसरा ध्यानात राहत न्हाई."

गंमत अशी की मुलींच्या हा नंबर ध्यानात राहीना. माणसाच्या शरीरातली दोनशे सहा हाडं त्यांना नावानिशी पाठ होती. पण ही भूकंपाची तारीख त्यांच्या जन्माआधीची आणि सिलॅबसच्या बाहेरची. आठवडाभर कोणी ना कोणी पायरीवर बसून लाईट जायची वाट बघत असायचं. महावितरणची एवढी आतुरतेनं वाट त्या गल्लीत आजवर कोणी पाहिली नव्हती.

महिना भरला आणि विनीताबाई आल्या. बेल वाजवली. शेषेराव आणि सिंधूताई मागच्या अंगणात कुरडया उलटवत होते, मुली क्लासला. हात झटकत शेषेराव पुढच्या खोलीत आले, तर बाई खुर्चीत बसलेल्या.

"लाईट गेली का?" शेषेरावांनी विचारलं.

"लाईट आहे. तुमचा नंबर मी पहिल्याच फटक्यात ओळखला." बाईंचा आवाज धारदार होता. "हे कुलूप म्हणायचं?"

"तुमाला कसा ठाऊक?"

"मी चौथीत होते. नांदेडला आम्ही महिनाभर गच्चीवर झोपलो. माझी आजी घरात यायलाच तयार नव्हती. पुढे—" बाई थांबल्या. पदर सारखा करायची गरज नव्हती, तरी केला.

अप्पांची गोष्ट सांगायला शेषेरावांनी तोंड उघडलं होतं, पण ते मिटून घेतलं. त्यांनी फक्त दार लावलं. आतल्या बटणाकडे हात केला आणि म्हणाले, "दाबा."

बाईंनी दाबलं. टक्. दार सुटलं.

त्यांनी दार लावलं आणि पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. मग उठून जिन्यापर्यंत गेल्या आणि तिथून दारापर्यंत पावलं मोजत आल्या. अधिकारी माणूस, हिशेब स्वतः पडताळल्याशिवाय सही करत नाही.

"चौकट तिरकी झाली तर?"

"अडकायला काय न्हाईच त्याला."

"आणि लाईट गेली तर सुटतं." त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग शेषेरावांकडे वळून, "उर्वी इथेच राहील. पण लाईट जाते तेव्हा खाली कोणीतरी बसलेलं पाहिजे."

"मी तीस वर्षं हितंच बसून हाय की, बाई."

"आणि तो नंबर आधी बदला."

संध्याकाळी मुली क्लासहून आल्यावर नंबरासाठी सभा भरली. मनस्विनीला काही सुचेना. उर्वीनं मात्र क्षणात तोडगा काढला: सातशेवीस सातशेवीस. नीटच्या पेपरला पैकीच्या पैकी मिळाले तर तेवढे मार्क होतात. झोपेतही विसरायचं नाही. चौघींनी टाळ्या वाजवल्या. ट्यूशन एरियातल्या हजारो पोरापोरींना पहिल्या फटक्यात सुचेल असा नंबर निघाल्यामुळे शेषेरावांचं घर आता पस्तिशीच्या वरच्या चोरांपासून पूर्ण सुरक्षित झालं.

सिंधूताईंनी कपाळावर हात मारला. शेषेरावांनी एकच विचारलं, "आतून बटणाला नंबर लागत न्हाई ना?"

"नाही, काका."

"मग ठेवा काय ठेवायचं ते."