सातविणीखालची मोकळी हवा

ये गं, अशी जवळ बस. पलंगाच्या कडेला नको, इथे माझ्याशेजारी. तू इथे नाहीस, कर्वेनगरात मुलाच्या घरी आहेस, हे कळतं मला. पण मी तुला समोर बसवूनच लिहिणार. आणि आधी चार शब्द ऐकून घे. नारायण पेठेपासून कर्वेनगर म्हणजे काय परदेश आहे? रिक्षावालासुद्धा दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा तयार होतो. चार वर्षांत तुझा पाय इकडे वळला नाही. आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मात्र रोज सकाळी न चुकता तुझं सुप्रभात येतं, सगळ्यांना मिळून एकच, आणि त्यावर फुलांचा भला मोठा गुच्छ. फुलं! मला! इतकी वर्षं शेजारी बसून टाळ वाजवलेस, मला वेगळे दोन शब्द तरी पाठवायचे की नाही?

असो. माझं रागावून झालं. आता खरं ते सांगते, कारण चूक माझी होती आणि ती मी अजून कुणापुढे बोललेले नाही. दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक असलेलं पुन्हा ऐकावं लागेल. ऐक.

आमच्या बोळाच्या टोकाला विठ्ठलाचं लहानसं देऊळ आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथे पहाटे काकडआरती असते. आम्ही दहा-बारा बायका. मी पुढे म्हणायचे, बाकीच्या मागून. गाणं मी कुणाकडे शिकले नाही. वडील पूजा करताना म्हणत, ते कानावर पडलं, तेवढंच. पण त्या एका महिन्यासाठी मी अकरा महिने थांबून असायचे. घरात माझा आवाज म्हणजे ‘अहो, दूध आलंय’ एवढ्यापुरता. देवळात मात्र मी भूपाळी सुरू केली की मागची कुजबुज थांबायची. तू माझ्या डाव्या हाताला. माझा श्वास अपुरा पडला की तू ओळ अलगद उचलायचीस, ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. आणि तुझ्यापुढे तुझं ते पितळी धुपाटणं. घरून निखारे घालून पदराआड आणायचीस आणि उदाची चिमूट टाकायचीस.

मग ते सुरू झालं. पहिल्या वर्षी नुसत्या शिंका. दुसऱ्या वर्षी डोळे. तिसऱ्या वर्षी टाळूला अशी खाज सुटायची की जिभेने खाजवत बसावं, आणि त्याचा जो आवाज होतो तो ऐकून आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, ‘बेडूक पाळलाय का घरात?’ कोजागिरीला सुरुवात, दिवाळीपर्यंत आवाज बसलेला, मार्गशीर्ष उजाडला की सगळं ठीक, जसं काही झालंच नव्हतं. आमचे हे म्हणायचे, ‘तुझं नाक भिंतीवर टांग, कॅलेंडरचे पैसे वाचतील.’ सुंठ झाली, हळद-दूध झालं, ओव्याची पुरचुंडी झाली. वाफ घेऊन घेऊन तोंडाची साल निघाली. ज्या एका महिन्याची मी वाट पाहायचे, नेमका तोच माझ्या हातातून जायचा. बरं, रागवायचं तरी कुणावर?

आणि मग मला कोणीतरी सापडलं.

अगं, हिशेब अगदी सरळ होता. देवळात बसलं की शिंका वाढायच्या. तुझा धूर वर गेला की आणखी वाढायच्या. छाती भरून आली की मी टाळ खाली ठेवून बाहेर यायचे, मोकळी हवा घ्यायला. देवळाच्या भिंतीला लागून ते मोठं झाड आहे, त्याच्या पारावर बसायचे. तू तांब्या घेऊन मागोमाग यायचीस. वर बघून म्हणायचीस, ‘किती गोड वास सुटलाय गं!’ मी म्हणायचे, ‘मला कुठला येतोय? माझं नाक तुझ्या धुराने भरलंय.’ पारावर बसून आणखी दहा शिंका यायच्या आणि मी तुला बजावायचे, ‘बघ, किती धूर आत गेलाय, अजून बाहेर पडतोय.’ तू बिचारी पाठ चोळायचीस. वर पांढरट फुलांचे झुबके, खाली आपण दोघी.

वसुबारसेच्या पहाटेचं तुला आठवत असणार. माझी भूपाळी तिसऱ्या ओळीला तुटली. तू उचललीस, आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला ते आवडलं नाही. वाटलं, ही माझ्या तुटण्याची वाटच पाहत असते. आरती संपल्यावर सगळ्यांसमोर मी म्हणाले, ‘देवाला तुझा धूप पोचतो की नाही देव जाणे, मला मात्र बरोबर पोचतो. माझा गळा घालवलास तू.’ दोघीतिघी हसल्या. हसण्यासारखंच बोलले होते मी, आपल्याकडे असं बोलता येणं म्हणजे हुशारी. धुपाटणं तापलेलं होतं, तसंच पदरात गुंडाळून उचललंस. हात भाजला असेल का, हे मला घरी आल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. त्याच हिवाळ्यात गुडघ्यांचं निमित्त करून मुलाकडे राहायला गेलीस. तिथे लिफ्ट आहे, हे खरंच आहे. पण मी मनात म्हटलं, लिफ्टसाठी गेली. ते मला सोयीचं होतं.

पुढची कोजागिरी आली. तू नाहीस, धुपाटणं नाही, धूर नाही. आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या शिंका, डोळे, टाळू, सगळं जसंच्या तसं.

इथे मी फोन उचलायला हवा होता. उचलला नाही. त्याऐवजी मी गादीचा कापूस पिंजायला टाकला. मग शेजारच्यांच्या फोडणीला दोष दिला. मग कबुतरांना. आमचे हे एकदाच म्हणाले, ‘आता धुपाची बाजू कोण मांडणार?’ मी म्हणाले, ‘तुम्ही चहा घ्या.’

गेल्या वर्षी मात्र छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा हे मला ओढून सदाशिव पेठेत अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणजे आपल्या नातीच्या वयाची पोरगी. हातावर पेनाने खुणा केल्या, एकेक थेंब ठेवला आणि सुईने नुसतं टोचलं. वीस मिनिटं हात पुढे करून बसवलं, मेंदी वाळवावी तसं. धुळीच्या खुणेवर जरासं लाल. झुरळाच्या खुणेवर काही नाही. आणि एका खुणेवर ही एवढी गांध, रुपयाएवढी.

‘आजी, घराजवळ सातवीण आहे का?’

‘सातवीण कसली?’

‘सप्तपर्णी. सात-सात पानांचा गोल असतो बघा, दिवाळीच्या सुमारास फुलते, संध्याकाळपासून दरवळते. तिच्या परागकणांचा त्रास होतोय तुम्हाला. कुठे जवळ आहे?’

मी काय सांगू तिला? की जवळ कसली, तिच्या खाली बसते मी? श्वास घ्यायला म्हणून मुद्दाम उठून जाते तिथे?

तरी मी विचारलंच, ‘आणि धूप? उदाचा?’

‘धुराने कुणालाही ठसका लागतो आजी, तो टाळलेला बराच. पण धूर गेला की ठसकाही जातो. तुमचं मूळ धुरात नाहीये.’

खोटं कशाला सांगू, त्यातलं पहिलं अर्धं वाक्य मी घट्ट धरलं. टाळलेला बराच म्हणाली ना? म्हणजे मी अगदीच चूक नव्हते. हा आधार मला रिक्षेत बसेपर्यंत पुरला. रिक्षेत आमच्या यांनी माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. यांनी टोमणा मारला नाही की समजावं, काम गंभीर आहे.

मग म्हटलं, निदान झाडाचं तरी बघू. यांनी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. एक माणूस आला, मान वर करून बघत म्हणाला, ‘फांद्या छाटता येतील. पण परवानगी येईपर्यंत बहर संपेल.’ ‘आणि पुढच्या वर्षी?’ ‘पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.’ पावसाळ्याआधी छाटल्या म्हणे दोन फांद्या. उरलेल्या काय थोड्या आहेत? आणि हे एक झाड गेलं तरी काय? आता ओळख पटल्यापासून मला सगळीकडे तेच दिसतं. नदीकडच्या रस्त्याला ओळीने, कॉलेजच्या भिंतीला, दवाखान्याच्या दारात. हौसेने लावलीत लोकांनी, सावली छान पडते म्हणून. शिवाय त्या झाडाने माझं काय वाकडं केलं? ते आपल्या वेळेला फुलतं. त्याला तोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुझ्याकडे मी आले होते. तुला माहीत नाही ते. गेल्या वर्षी, त्या तपासणीनंतर चार दिवसांनी, घरात कुणाला न सांगता. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, ‘कोणाकडे? फ्लॅट नंबर? काम काय?’ पहिली दोन उत्तरं होती माझ्याकडे. काम काय, याला काय सांगू? तो मोबाईल हातात धरून उभा, काम लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणे. तेवढ्यात नाकाला ते कळलं. वर पाहिलं तर फाटकापासून आतपर्यंत दोन्ही बाजूंना सातविणी, गच्च फुललेल्या. मग जे सुरू झालं! शिंकांवर शिंका, डोळ्यांतून धारा, बोलता येईना. वॉचमनला वाटलं, म्हातारी रडतेय. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाला, ‘मावशी, रडू नका, मी साहेबांना फोन लावतो.’ मी हातानेच नको नको केलं. नुसतं नाक होतं की त्यात थोडं रडणंही होतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. आले त्याच रिक्षेने परत गेले.

बहर संपल्यावर यायचं होतं, म्हणशील. यायचं होतं. पण मार्गशीर्षात श्वास मोकळा झाला, आणि ते ओझंही हलकं वाटायला लागलं. उद्या जाऊ, परवा जाऊ, करता करता पुन्हा कोजागिरी आली.

यंदा त्या पोरीने सांगितलं तसं सगळं केलं. नवरात्रापासूनच नाकात फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, संध्याकाळी खिडक्या बंद, बाहेरून आलं की केस धुवायचे, कपडे घरातच वाळत. उतार आहे. आडवं पडून झोप लागते, हे काही कमी नाही. पण आवाज? तो नाही आला. वरच्या सुरावर गेलं की तुटतो. गोळी घेतली तर डोळे मिटतात आणि भूपाळीतच पेंग येते. मंडळातल्या नव्या सुनांनी काय केलंय माहीत आहे? मोबाईलला एक छोटा स्पीकर जोडतात आणि कुणाची तरी रेकॉर्ड लावतात. छान आहे आवाज, शिंकत नाही. मी मास्क लावून मागे भिंतीला टेकून बसते आणि टाळ्या वाजवते. डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सुटलेली असते, कुणी तिथे बसत नाही. मी बसू देत नाही म्हण हवं तर.

तर हे असं आहे. धुपाचं नव्हतं. तुझं नव्हतं. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून परवा आरती संपल्यावर सगळ्यांसमोरच सांगायला उभी राहिले. ‘मला एक सांगायचंय’ एवढं म्हणाले आणि ठसका लागला. जो लागला तो लागला. कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं, ‘आजी, राहू दे, उद्या सांगा.’ दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि मीही उठले नाही.

म्हणून लिहिते आहे. लिहिताना ठसका लागत नाही. पण कागदावर क्षमा मागितली की तुझा चेहरा दिसत नाही, आणि तो पाहिल्याशिवाय मला कळणार नाही तू क्षमा केलीस की नाही ते. बोल हवं तेवढं. चार वर्षांचं साठलेलं असेल. मला उत्तर देता येणार नाही, आवाजच नाही, तुझंच फावेल.

मला तुझ्या फाटकातून आत येता येत नाही, तेव्हा तूच ये. दुपारी ये, यांची झोपायची वेळ असते, आपल्याला बोलता येईल. निघताना फोन कर, म्हणजे मी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबते. जिना तुला जड जाईल, आपण दोघी सावकाश चढू. पण ये. श्वास मोकळा झाला की मी पुन्हा उद्या-परवा करीन. पौर्णिमेच्या आत ये.