डब्यावर नाव तिचं होतं

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला, सुमनलाही नाही, आणि आता ती राहिली नाही. आज मात्र सांगतोच!

झालं काय, माझी नात हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. जेवताना विचारलं, तू दिवसभर करतेस काय गं?

"निरोप कुलूपबंद करते, आबा. कुलूप ज्याला पाठवायचं त्याचं — ते कोणीही लावावं, पण किल्ली त्याच्याच खिशात. आत पाठवणाऱ्याची सही."

"मग झालं की पक्कं!"

"कुठलं? निरोप कोणासाठी, ते सहीत आलंच नाही, तर? ज्याला मिळाला त्यानं उघडून तोच सहीसकट तिसऱ्याच्या कुलपात घातला, तर?"

"तर तिसऱ्याला वाटेल, थेट त्यालाच पाठवलाय!" मी ओरडलोच. हातातला घास ताटात पडला.

"अरे वा! उद्यापासून या कामाला!"

मी चौथी नापास. मला एवढ्या पटकन कसं कळलं? कारण — मी केलंय हे! लाज वाटायची सोडून आधी आनंदच झाला, बघा.

सुमन आणि तिचा दादा बोलत नव्हते. एका दिवाळीत तीच नमली. कसब्यातून नाव घालून आणलेल्या डब्यात बेसनाचे लाडू भरले. "अहो, कर्वेनगरला दादाला एवढं द्या. भाऊबीजेला ये म्हणावं."

त्यानं मला चारचौघांत अडाणी म्हटलं होतं. मी डबा नेला तो आमच्या कारखान्यातल्या साहेबांकडे. बायकोनं खास तुमच्यासाठी केलेत, म्हटलं. झाकणावर तिचं नाव — कोण शंका घेणार? साहेब खूश! रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यांच्या बाईंनी साखर घातली.

ती साखर बघून सुमन काय हरखली! दादानं पाठवली म्हणे. मी तोंड उघडलं का? नाही. भाऊबीजेला ती पाट मांडून, तबक घेऊन बसली. निरांजन विझलं. पुढं तिनं त्याचं नाव काढलं नाही — मरेपर्यंत.

तिच्या दहाव्याला मेव्हणा आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "एकदा नुसतं ये म्हणाली असती, तर धावत आलो असतो."

मी मान खाली घातली. कोणी पाठीवरून हात फिरवला, म्हातारा रडतोय म्हणून. रडत कुठला? सापडेन म्हणून घाबरलो होतो.