पाहुणीसमोर लाल बटण

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत बारा टॅब. कपड्यांची पिशवी हमालाला दिली आणि टॅबची स्वतः उचलली. बासष्टाव्या वर्षी हा शहाणपणा अंगाशी आला. रिक्षापर्यंत पोचेस्तोवर खांदा बोलायला लागला होता.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या उन्हात गाव नुकतं कुठं जागं होत होतं. सराफांची दुकानं अजून बंद, चहाच्या टपऱ्या मात्र भरलेल्या. रिक्षावाल्याने आरशातून पिशवीकडे पाहत विचारलं, "मॅडम, काय विकायला आणलंय?"

"शिकवायला आणलंय," मी म्हणाले.

"मग जड असणारच," तो म्हणाला. तो माझी थट्टा करत होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

काम असं होतं. मी एकतीस वर्षं पुण्यातल्या अध्यापक विद्यालयात शिक्षकांना शिकवलं. निवृत्तीनंतर एका प्रशिक्षण योजनेत मार्गदर्शक म्हणून जाते. खानदेशातल्या बारा गावांत ठिबक सिंचनाच्या दुरुस्तीचे वर्ग सुरू झाले होते. शिकवणारे गावातलेच, हातात कसब असलेले, पण वर्गापुढे कधी उभे न राहिलेले. त्यांना टॅबवर धडा तयार करून शिकवायला शिकवायचं आणि मग काहींच्या गावी जाऊन त्यांचा पाठ तपासायचा. पाठ संपला की प्रत्येक शिकणाऱ्याने टॅबवर बटण दाबायचं. समजलं तर हिरवं, नाही समजलं तर लाल. एकही लाल आलं तर शिकवणारा नापास. आम्हा मार्गदर्शकांना तेवढी सूट, निम्म्याहून जास्त हिरवे पुरत. हा नियम कोणी केला माहीत नाही. मी मात्र तो एकदाही न अडखळता समजावून सांगत असे.

जळगावातल्या एका भाड्याच्या सभागृहात बारा जण जमले होते. मी दोन तास बोलले. चांगली बोलले, असं मला तेव्हा वाटलं. शेवटी "समजलं का?" असं विचारलं. बारा माना हलल्या. बटणं दाबली गेली आणि माझ्या पडद्यावर अकरा हिरवे ठिपके उमटले. बारावा लाल होता.

लाल बटण दाबणाऱ्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, डोक्यावर पदर, हाताच्या बोटांना पाइपच्या डिंकाचे डाग. नाव मंगला. सगळे त्यांना मंगलाअक्का म्हणत. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. खरं सांगते, मला राग आला. दोन तास घसा कोरडा केला आणि या बाई लाल दाबतात! मी त्यांच्यापाशी जाऊन तेच सगळं पुन्हा एकदा, जरा भरभर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नही समजनं, मॅडम."

जेवणात वांग्याचं भरीत होतं. इथलं वांगं हिरवं, हातभर लांब, आणि भाजल्यावर त्याला जो धुरकट वास येतो त्याला पुण्यात तोड नाही. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि कांद्याची पात. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि राग विसरले.

दुपारी प्रत्येकाला स्वतःचा धडा टॅबवर चढवायला सांगितला. अकरा हिरव्यांपैकी एकालाही जमलं नाही. कोणी टॅब उलटा धरला होता, कोणी नुसताच पुसत बसला होता. दोंडाईच्याहून आलेले भास्करभाऊ माझ्या शेजारीच होते. त्यांना विचारलं, "भाऊ, मग तुम्ही हिरवं का दाबलंत?"

ते संकोचून हसले. "मॅडम, तुम्ही पुनाथीन उनात. लाल बटन दाबीसन तुमना अपमान कसा कराना?" (तुम्ही पुण्याहून आलात. लाल बटण दाबून तुमचा अपमान कसा करायचा?)

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाहुणी घरी आली, तिने काही आणलं, तर आवडलं नाही असं तोंडावर म्हणायचं नाही, इतकं साधं होतं ते. मग मी प्रत्येकापाशी बसून हात धरून धडे चढवून घेतले. संध्याकाळ झाली. अकरा हिरव्यांचा अहवाल तर जेवणाआधीच वर गेला होता. तो परत मागवावा असं एकदा मनात आलं, पण मी थकले होते, आणि हिरवा अहवाल कोणाला नको असतो? मी तो तसाच राहू दिला.

तपासणीच्या यादीत पहिलंच नाव मंगलाअक्कांचं होतं. दुसऱ्या दिवशी चोपड्याची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वाऱ्याने पानं फाटलेली, आणि घडांनी भरलेले ट्रक उभे. चोपड्याहून शिरपूरच्या वाटेला काळी-पिवळी जीप मिळाली. नऊ जणांच्या जागेत आम्ही चौदा होतो आणि माझी पिशवी टपावर, मेथीच्या जुड्यांखाली गेली. एका आजीने माझ्या पायांवर कोंबड्यांची टोपली ठेवली आणि तासभर माझ्या सुनेची चौकशी केली. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग सारखी सोबत होती. फाट्यावर उतरले तेव्हा पिशवीला मेथीचा वास लागला होता. टॅब मात्र शाबूत होते.

फाट्यावर अक्का स्वतः आल्या होत्या. गावापर्यंत दोन किलोमीटर चालत जायचं होतं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी न विचारता डोक्यावर घेतली.

वाटेत त्यांनी वर्गाबद्दल सांगितलं. जुन्या शाळेची एक बंद खोली गावाने उघडून दिली होती. ठिबकच्या सामानाची मोठी पेटी तिथे होती. नऊ बाया शिकायला येत. निम्म्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या, पावसावर एक पीक घेऊन उरलेलं वर्ष मजुरीला जाणाऱ्या. खाली केळीच्या पट्ट्यात ठिबकची कामं भरपूर, पण दुरुस्त करणारे कमी. शिकल्या तर त्यांना वर्षभर काम होतं.

"आणि पाठ नापास झाला तर?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"पेटी तालुकाले जाई," अक्का म्हणाल्या. "बाया नही जातीन तठे. एकच यष्टी शे. सकाळले जास, अंधारामा येस. घरना कोन धाडी?" (पेटी तालुक्याला जाईल. बाया तिथे नाही जाणार. एकच एसटी आहे. सकाळी जाते, अंधारात येते. घरचं कोण पाठवील?)

त्यांनी डोक्यावरची पिशवी सावरली आणि चालण्याचा वेग वाढवला.

शाळेच्या अंगणात ठिबकचा छोटा नमुना मांडला होता. पाण्याची टाकी, फिल्टर, एक जाड पाइप आणि त्याला जोडलेल्या सहा काळ्या नळ्या. नऊ बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसले आणि टॅबवरचं चाळीस मिनिटांचं घड्याळ सुरू केलं.

अक्कांनी टॅबवर धड्यातलं एकच चित्र दाखवलं, टॅब दारापाशी उभा केला आणि पाणी सोडलं. सहापैकी तीन नळ्या कोरड्याच राहिल्या. चौथीच्या सांध्यातून पाणी गळत होतं. अक्कांनीच आदल्या संध्याकाळी हा सगळा बिघाड करून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "पानीना मांगे मांगे चाला," (पाण्याच्या मागे मागे चला) आणि पायरीवर जाऊन बसल्या.

मी वाट पाहत राहिले, आता समजावतील, मग समजावतील. त्यांनी तोंडच उघडलं नाही. बाया उठल्या. आधी एकमेकींकडे पाहून हसल्या, मग टाकीपासून बोटाने पाइप चाचपत निघाल्या. एकीने फिल्टर उघडला, जाळीतला गाळ काढला, एक नळी वाहू लागली. दुसरीने नळीचं दुमडलेलं टोक सोडून आतली माती वाहून जाऊ दिली. वाद झाले, एक नळी उगाचच कापली गेली, ती पुन्हा जोडली. कोणी अडलं की अक्कांकडे बघायचं, आणि अक्का पाण्याकडे बघायच्या. एकतीस वर्षांत मी इतका कमी बोलणारा शिक्षक पाहिला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला.

सहाही नळ्या वाहू लागल्या. गळका सांधा तेवढा राहिला. तो रमलीच्या वाट्याला आला होता. रमली विशीची, पाड्यावरची, वर्गाला येऊन तिला दुसराच महिना. पाइपच्या भोकात रबराचा वॉशर बसवायचा असतो. तो तिच्याकडून तीनदा निसटला. चौथ्यांदा बसला, पण तिरका. पाणी गळत राहिलं आणि चाळीस मिनिटं संपली.

टॅब हातोहात फिरू लागला. हिरवं, हिरवं, हिरवं. आठ झाली. रमलीने टॅब घेतला आणि तिचं बोट अडलं.

"दाब ना हिरवं," शेजारची कुजबुजली. "पेटी जाई ना."

"तिले कोनी सांगू नका," अक्का पायरीवरूनच म्हणाल्या.

रमली हळूच म्हणाली, "अक्का, माले नही जमनं."

"मंग जे खरं शे ते दाब."

माझ्याने राहवलं नाही. परीक्षकाने मध्ये बोलू नये हा नियम मीच शेकडो जणांना शिकवला होता. तरी मी म्हणाले, "अक्का, एक बटण तर आहे. वॉशर ती उद्या शिकेल की!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "उद्या ती कोना बी वावरमा जाई, मॅडम. तठे बटन नही राहस." (उद्या ती कुणाच्याही शेतात जाईल. तिथे बटण नसतं.)

रमलीने लाल दाबलं. पडद्यावर "पाठ असमाधानकारक" अशी ओळ आली. ती मी वाचून दाखवली नाही, पण सगळ्यांना कळलं. कोणी रडलं नाही. अक्का उठल्या, रमलीच्या हातात वॉशर दिला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मला जेवायला वाढेपर्यंत त्या दोघी तिथेच होत्या. दाल-बट्टी होती, वर तूप सढळ हाताने. भूक नव्हती, पण नाही म्हणवेना, म्हणून दोनदा घेतलं. निघताना पाहिलं तर सांधा कोरडा होता. रमली हसत होती. टॅब बंद झाला होता.

शिरपूरहून धुळ्याची एसटी पकडली. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे पडत होती आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ज्या बाईच्या वर्गात खरंच शिकणं झालं ती नापास, आणि मी?

धुळ्याच्या कार्यालयातले साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, दुसऱ्या जिल्ह्यांतून सगळीकडून हिरवं आलंय. इथेच कसं लाल?"

मी रमलीची हकिगत सांगितली. त्यांनी मान हलवली. "मुलगी शिकली ना शेवटी? मग मी पाठ परत उघडून देतो. तुम्ही इथेच हिरवं दाबा, पेटी राहील गावात. कोणाला कळणार नाही."

बोट पुढे करायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पेटी तिथेच राहावी असं मलाही वाटत होतं. पण मग अक्कांना फोन करून काय सांगणार होते मी? ज्या बटणासाठी त्यांनी सगळा वर्ग पणाला लावला, ते मी त्यांच्या पाठीमागे दाबलं, हे?

"साहेब," मी म्हणाले, "जळगावचा माझा अहवाल उघडा. तो रद्द करा."

"का? अकरा हिरवे आहेत की."

"त्या अकरा जणांना काही समजलं नव्हतं. त्यांनी माझं मन राखलं. मला त्याच दुपारी कळलं होतं आणि मी गप्प बसले. लाल दाबणारी एकटी मंगलाअक्का खरं बोलली."

साहेबांनी परिपत्रक काढलं. बराच वेळ पानं उलटली. मार्गदर्शकाचं प्रशिक्षण रद्द झालं तर त्याखालच्या सगळ्या तपासण्या रद्द, बाराही जणांचं प्रशिक्षण नव्याने, आणि तोवर कुठलीही पेटी हलवायची नाही, असं त्यात निघालं. त्यांनी चष्मा काढला. "बाई, नापास म्हणून तुमचं नाव लागेल. दुसऱ्या जिल्ह्यातल्या नेमणुकांना अडचण येईल."

"लागू द्या," मी म्हणाले. सोपं नव्हतं, हे कबूल करते. एवढ्या वर्षांत मी नापास केलेल्यांची गणती नाही, पण स्वतः कधी झाले नव्हते.

बसस्थानकावरून अक्कांना फोन लावला. "अक्का, तुमचा पाठ रद्द झाला. आणि माझाही. पेटी गावातच राहणार. महिन्याभरात सगळ्यांनी पुन्हा जळगावला यायचं. शिकवायला मीच येणार आहे, साहेबांनी तेवढी एक संधी दिलीय."

पलीकडे टाकीत पाणी पडत होतं, ते अक्कांनी बंद केलं. मग म्हणाल्या, "या, मॅडम. पन या टाइमले तुम्ही जास्ती बोलू नका. आमले करू द्या."

पुण्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मालेगाव गेलं, मनमाड गेलं, आणि मी जुन्या विद्यार्थ्यांचे चेहरे आठवत राहिले. एकतीस वर्षं मी रोज "समजलं का?" विचारलं आणि रोज माना हलल्या. त्यांतल्या किती जणांनी फक्त माझं मन राखलं असेल? याचं उत्तर आता मिळणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

घरी सुनेने विचारलं, "आई, कसं झालं काम?"

"नापास झाले," मी म्हणाले, आणि फार हलकं वाटलं.

सध्या नव्या पाठाची तयारी चालू आहे. दोन तासांतलं माझं बोलणं कापत कापत मी दहा मिनिटांवर आणलं आहे. अक्कांना तेही जास्त वाटणार.