रेघ सोडून गेलेले ठिपके

गेल्या रविवारी सकाळीच सांगलीहून आत्याचा फोन आला. घराचं काम जोत्यापर्यंत आलंय... "जोतं किती उचलायचं ते तूच सांग. गवंडी थांबलाय. येवडी शिकलीस ती काय लोनचं घालाया?"

आत्याच्या घरापासून नदी दोन गल्ल्यांवर. दोनदा पाणी घरात शिरलंय, म्हणून तर जुनं पाडून नवं बांधतेय. आणि आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी त्याच नदीची पातळी घेतली आहे. प्रत्येक वर्षीची सगळ्यात उंच पातळी घ्यायची, त्यावर मॉडेल बसवायचं आणि मोठ्या पुराचा अंदाज काढायचा. सॉफ्टवेअर म्हणालं, मॉडेल ठीक बसलंय. आकडा हातात होता... आत्याला फोन लावणारच होते.

तेवढ्यात सवयीने क्वांटाइल प्लॉट काढला. मॉडेलच्या हिशोबाने पाणी किती चढायला हवं ते आडव्या बाजूला, खरंच किती चढलं ते उभ्या बाजूला. दोन्ही जुळलं की ठिपके तिरक्या रेघेवर बसतात. माझेही बसले होते... शेवटचे दोन सोडून. ते रेघ सोडून पार वर निघून गेले होते.

पप्पा चहा घेऊन मागे उभे. फौजेतून रिटायर झालेत, त्यांना सगळीकडे परेडच दिसते. "लाईन झकास हाय की गं! ते दोन जवान तेवढं बाहेर काढ."

खरं सांगते, क्षणभर मलाही तो मोह झाला. पण ते दोन ठिपके म्हणजे आत्याला बोटीतून बाहेर काढलं ती दोन वर्षं. म्हटलं, "पप्पा, परेडमध्ये जवान हलवतात. इथं रेघ हलवायची. पाणी खरंच आलं होतं."

"मग हलव की. बघत काय बसलीस?"

फार मोठ्या पुराला जास्त जागा देणारं दुसरं मॉडेल घेतलं. वरचे ठिपके रेघेजवळ आले... पण अंदाज बराच चढला, आणि अनिश्चितताही वाढली.

आत्याला तसंच सांगितलं. गवंडी नेहमी घेतो त्यापेक्षा जोतं तीन फूट वर घे, आणि तरीही पक्की खात्री देता येत नाही.

"आगं, मग पायऱ्या किती व्हत्याल! माजं गुडघं..." मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. गुडघ्याला पट्टा बांधीन, पर त्या बोटीत परत न्हाई बसनार."

काल जोतं भरून झालं.

जवळजवळ सगळे ठिपके रेघेवर होते, तरी उत्तर चुकलं असतं. कारण बाकीच्या वर्षांत आत्याचं घर कोरडंच होतं, भीती होती ती त्या दोनच वर्षांची. वर्गात शिकलेली एक गोष्ट आपल्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत नेता आली... पप्पा, शिकू दिलंत, खूप खूप आभार.