सेकंदाला तीस चित्रं

दिनेश गेल्याचं मला गेटवर कळलं. मुरबाडच्या एका कारखान्यात मी वॉचमन आहे. आत येणाऱ्या ट्रकचा नंबर रजिस्टरमध्ये उतरवत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "तुमचा तो शहापूरचा कॉम्प्युटरवाला दोस्त गेला ना काल. कावीळ डोक्यात गेली म्हणतात." ड्रायव्हर धसईचा, आमच्या गावचाच, म्हणून त्याला आमची दोस्ती ठाऊक होती. ती तुटली होती हे त्याला ठाऊक नसावं. मी "हो का" म्हणालो आणि नंबर पुरा केला. सहा वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. जोडीदाराला गेट बघायला सांगितलं आणि ड्युटी संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिलो.

दिनेश आणि मी धसईच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी शहापूर-मुरबाड रस्त्यावर जीप चालवायला लागलो आणि तो शहापुरात एक खोली घेऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला. हे शिकला कुठे, तर कुठेच नाही. मुंबईच्या ऑफिसांतून भंगारात निघालेली मशीनं आणायची, तिनांतून एक चालू करायचं. माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मांडीवर मॉनिटर घेऊन बसायचा, गोधडीत गुंडाळलेला. बायका विचारायच्या, "बाळ केवढं रे?" तो गंभीरपणे म्हणायचा, "चौदा इंची." मी त्याला चिडवायचो, तो मला चिडवायचा, रस्ता सरायचा.

मग माझा हात गेला. टायर बदलताना जॅक निसटला आणि उजवा पंजा खाली सापडला. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, वापरत राहा, पण आधीसारखा चपळ राहील असं सांगत नाही. आता आमच्या जीपमध्ये माणसं किती बसतात ते कुणाला सांगायला नको. मांडीवरची पोरं वेगळीच. एवढ्यांचा जीव हातात घ्यायचा तर हाताचा भरवसा हवा. मी ठरवलं, खात्री पटल्याशिवाय स्टिअरिंगला शिवायचं नाही. चार महिने घरी बसून रबरी चेंडू दाबत होतो. एक दिवस दिनेश आला आणि म्हणाला, "चेंडू दाबून काय गाडी चालते का रे वश्या? तू गाडीच चालव. आधी खोटी चालव."

टीव्हीला जोडून खेळायचा एक गाड्यांचा गेम होता. तो खेळायचा डबा आमच्याकडे कुठला! दिनेशकडे नुसती सीडी होती. पण कॉम्प्युटरला त्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्रॅम असतो, एम्युलेटर म्हणतात, तो त्याने मिळवला. मशीन भंगारातलं, त्याला ते सोंग झेपेना. आठ दिवस तो त्याच्यामागे लागला होता. नवव्या दिवशी मला बोलावलं आणि गाडी पळाली. उजव्या हाताच्या तीन बोटांनी बाणांच्या कळा दाबून ती वळवायची. पहिल्या दिवशी मी एकही वळण न ठोकता घेतलं नाही. पण रोज दुपारी जात राहिलो. लाइट गेली की दोघं बाहेर पायरीवर बसायचो, आली की पुन्हा सुरू. हळूहळू बोट मनाआधी हलायला लागलं. दिवाळीच्या सुमारास मी दिनेशला हरवलं, मग रोजच हरवायला लागलो. तो कपाळाला हात लावायचा, "आमी दोन हातांचे आणि हा दीड हाताचा, तरी बघा!" मला वाटलं, हात परत आला. जीपला नवी बॅटरी घातली.

पुढचं लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. जवळच्या कॉम्प्युटर क्लासचे एक सर काही कामाने खोलीत आले होते. माझा खेळ चालू होता. त्यांनी सहज विचारलं, "एवढ्या जुन्या मशीनवर कसा चालवलात?" दिनेश खुशीत म्हणाला, "गेमचे साठ होते सर, तीस केले." सर म्हणाले, "वा, म्हणजे निम्म्यावर आणलात." बाणांवरची माझी बोटं थांबली. अर्धं आयुष्य स्पीडोमीटर बघण्यात गेलेला माणूस मी, साठचं तीस म्हणजे मला एकच कळलं. याने माझ्यासाठी गाडीचा वेग निम्मा केला. लहान पोराला मुद्दाम जिंकू देतात तसं मला जिंकू देत होता, आणि मी त्या भरवशावर पंधरा माणसं गाडीत घालणार होतो.

मी सरांच्या देखत वाटेल ते बोललो. दिनेश सारखा सांगत होता, "अरे चित्रं कमी केलीत रे, सेकंदाला साठ दाखवतो त्या जागी तीस. गाडी तेवढीच पळते! आवणातली रोपं कमी असली तर भात लांब लांब लावतो का नाय? शेत तर तेवढंच पुरं होतं ना?" मी म्हणालो, "मला शेती शिकवू नको." आणि निघालो. त्या महिन्यात जीप विकली. कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो तो आजतागायत. पुढच्या वर्षी तो एकदा गेटवर आला. रजिस्टरमध्ये त्याने लिहिलं, कामाचे स्वरूप: वसंताला भेटणे. मी केबिनच्या मागे होतो. जोडीदाराला सांगितलं, मी राउंडला गेलोय म्हण. तो अर्धा तास उन्हात थांबला आणि शहापूरच्या एसटीने परत गेला... ते पान मी नंतर कितीदा तरी उघडून पाहिलं, पण शहापूरला गेलो नाही.

तेराव्यानंतर त्याची बायको सुरेखा वहिनी यांचा निरोप आला, खोली रिकामी करायची आहे, एकदा येऊन जा. गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि कोपऱ्यातलं मशीन दाखवून म्हणाल्या, "बाकी सगलं गेलं, ह्ये तेवढं विकायचं नाय म्हणाले होते. तुमी न्या." मी ते चालू केलं. गेम तिथेच होता. सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण होती आणि पुढे त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, तीस. मी खूण काढली. म्हटलं बघू तरी, खरा वेग काय होता.

गाडी रांगायला लागली. सेल उतरलेल्या टेपसारखं संगीत ओढल्यासारखं येत होतं. साठ चित्रं काढताना बिचाऱ्या मशीनचा जीव जात होता आणि सगळंच मंद होत होतं, कोपऱ्यातलं गेमचं घड्याळसुद्धा. मनगटावरचं घड्याळ लावून मी एक फेरी मोजली, दोन मिनिटांना थोडी कमी. खूण परत केली आणि मोजली, एक मिनिटाच्या आत. तीसवर गाडी खऱ्या वेगाने पळत होती. त्याच वेगाने मी तिला चार महिने वळवलं होतं. हात बरा झाला होता, सहा वर्षांपूर्वीच. मी रागाच्या भरात जीप विकली, धंदा सोडला आणि ज्याने हात परत दिला त्याला उन्हात उभं केलं. वहिनी दारात होत्या म्हणून मी रडलो नाही एवढंच.

मग फेऱ्यांच्या वेळेची यादी उघडली. त्यात पाच नावं राहतात, तीन-तीन इंग्रजी अक्षरांची. सगळ्यात वर व्ही ए एस. त्याखाली चारही ओळींत डी आय एन. वहिनी म्हणाल्या, "तुमी यायचे बंद झालात तरी दुपारी जेवून बसायचे. यंदा आजारी पडायच्या आधीपर्यंत. हरले का हसायचे. म्हणायचे, वश्याचा हात लय फास्ट, आपल्याला नाय जमायचा."

शेवटची ओळ वाचली, वरची वाचली. आमच्या दोघांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. ती खूण काढून खेळला असता तर मंद गाडीवर वळणाला दुप्पट वेळ मिळाला असता, गेमचं घड्याळही मंद म्हणून यादीत तो वेळ धरला गेला नसता, आणि त्याने मला पहिल्याच दुपारी मागे टाकलं असतं. मी नंतर स्वतः करून पाहिलं, कुणालाही जमेल. हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. तरी सहा वर्षं तो तीसवरच खेळला, आणि माझं नाव वर राहू दिलं.